अधांतरी शाखेची खुर्ची

वंशवृक्ष वरून खाली वाचायचा असतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी तो कधी काढलेला नसतो. काढणारा खालून वर चढतो, मध्येच एखाद्या डहाळीला लोंबकळतो, त्याची पँट फाटते, आणि खाली जमलेले शेजारी माना वर करून विचारतात, "काय, सापडले का आजोबा?" एल्बर्ट टेरहोव्हनची पँट नेमकी कुठे फाटली ते पुढे येईलच. तेव्हा आपणही पानापासून निघू आणि मुळाकडे जाऊ. वाटेत एक पिढी गहाळ आहे. तिथे जरा जपून पाय टाका.

पान

मार्चमधला रविवार. जुन्या डच वस्तीच्या स्टीनकिल गावातल्या चर्चमधून घरी जाताना एल्बर्ट नेहमीप्रमाणे फेम्मी आत्याच्या दारात थांबला. दार जुन्या पद्धतीचं, मधोमध आडवं कापलेलं. वरचं कवाड बोलायला उघडं, खालचं कोंबड्यांना आणि नातेवाइकांना अडवायला बंद. त्या खालच्या कवाडावर कोपरं टेकून आत्या उभी होती.

"एल्ब्या, मला यंदा वरच्या टेबलावर बसायचंय."

 आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवून एल्बर्ट नुकताच निवृत्त झाला होता. गेल्या उन्हाळ्यात माणूस चंद्रावर जाऊन आला होता. पण वरच्या टेबलावर जाणं ही निराळी गोष्ट होती.

दर ऑगस्टमध्ये चर्चमागच्या कुरणात टेरहोव्हन कुलसंघाचा मेळावा भरतो. लांबच लांब तंबू लागतो. एका टोकाला पांढऱ्या चादरीचं टेबल, त्यावर फलक: 'आमचे मूळपुरुष गेरिट टेरहोव्हन, हॉलंडहून आगमन १६६२.' तिथे गेरिटच्या थोरल्या मुलाचे वंशज बसतात. मग दुसऱ्या मुलाचे, तिसऱ्याचे, असं करत करत तंबूच्या दुसऱ्या टोकाला, जिथे दोऱ्या संपतात आणि शौचालयं सुरू होतात, तिथे एक डुगडुगतं टेबल असतं. त्यावर छापील पाटी असते: 'अधांतरी शाखा.' एल्बर्टचे आईवडील तिथेच जेवले, आजोबा तिथेच जेवले. आडनाव तेच, नाक तेच, हट्टीपणा तोच. पण एल्बर्टचा खापरपणजोबा, तोही एल्बर्टच, गेरिटच्या नेमक्या कोणत्या फांदीला फुटला हे कुणालाच दाखवता येत नव्हतं.

"मी सहा वर्षांची होते," आत्या म्हणाली. हे तिने पूर्वी कधीच सांगितलं नव्हतं. "बाबा चुकून वरच्या टेबलावर बसले. वॉफल वाढून झालं होतं. तेव्हाचे अध्यक्ष आले, कानात काहीतरी बोलले. बाबा उठले आणि हातात ताट घेऊन अख्खा तंबू चालत खाली आले. कोणी हसलं नाही रे. हसलं असतं तर बाबांनी त्याला ठोकलं तरी असतं."

एल्बर्ट कवाडाची कडी चाचपत राहिला.

"माझं वय किती?"

"नव्वद, आत्या."

"मग 'पुढच्या वर्षी बघू' म्हणू नकोस."

"एकच तर दुवा जोडायचाय," एल्बर्ट म्हणाला. "ईस्टरपर्यंत करून टाकतो."

हे वाक्य पुढे त्याची बायको लव्हीना निरनिराळ्या सुरांत म्हणून दाखवायला लागली.

डहाळी

सल्ल्यांचा क्रम लावणं शक्य नाही, कारण ते सगळे एकदम आले.

लायब्ररीतल्या बाई म्हणाल्या, सरळ हॉलंडला जा. न्हावी म्हणाला, कुठेही जाऊ नका, माझा मेव्हणा गेला होता, त्याच्या वंशात घोडेचोर निघाला, आता तो नाताळला येत नाही. पोस्टमास्तर म्हणाला, घोडेचोर निघाला तर उत्तम, कारण चोरांची नोंद व्यवस्थित ठेवलेली असते, सज्जनांना कोण विचारतो. आणि कुंपणापलीकडचा एझ्रा लाफेव्हर काहीच म्हणाला नाही, हे सर्वांत वाईट. एझ्राचे पूर्वज फ्रेंच. त्याचा वंशवृक्ष सोनेरी चौकटीत दिवाणखान्यात टांगलेला, आणि पडदा मुद्दाम उघडा. आठवडाभराने तो कुंपणावर रेलून एवढंच बोलला, "आमचं बरंय बुवा. आमच्यात कोणी हरवतच नाही."

कुलसंघाची जुनी कागदपत्रं अध्यक्षांच्या ताब्यात असतात. अध्यक्ष डॉक्टर गॅरेट टेरहोव्हन. वरच्या टेबलावरच्या घराण्यात थोरला मुलगा गॅरेट असतो. गेरिट या नावाला दोन-तीनशे वर्षं इकडची हवा लागली की त्याचा गॅरेट होतो. हे गॅरेट दातांचे डॉक्टर. दवाखान्याबाहेर ते कुणाला भेटत नाहीत आणि दवाखान्यात फक्त पेशंटला भेटतात. म्हणून एल्बर्टने एक चांगला धडधाकट दात दाखवायला नेला.

"आ करा. हं. काय म्हणत होता आपण?"

"आआ आआ."

"कागदपत्रं? जरूर. पण नियम असा आहे, एल्बर्ट, की ती फक्त ज्यांची शाखा लागलेली आहे अशाच सभासदांना दाखवता येतात. जरा जीभ बाजूला."

"आआआ आ आआ?"

"शाखा लावण्यासाठी? त्यासाठी अर्थातच कागदपत्रांचा पुरावा लागतो. थुंका."

एल्बर्ट थुंकला. जेवढं शिष्टाचारात बसतं त्यापेक्षा थोडं जोरातच थुंकला. घरी आला तेव्हा गाल सुजलेला होता आणि तो धडधाकट दात आता धडधाकट राहिला नव्हता.

उरलं चर्चचं बाप्तिस्म्याचं दफ्तर. ते फक्त मंगळवारी उघडतं, आणि किल्ली ज्या बाईंकडे असते त्यांना मंगळवारी संधिवात असतो. पण दफ्तर उघडलं आणि खरी अडचण पुढे आली. आमच्याकडे मुलांची नावं कुणी निवडत बसत नाही. ती ठरलेलीच असतात. थोरला मुलगा बापाच्या बापाचं नाव घेतो, दुसरा आईच्या बापाचं. मुलींचं तेच, आज्यांच्या नावांनी. परिणाम असा, की एका आजोबांना पाच मुलगे असले तर एकाच गल्लीत एकाच नावाचे पाच नातू शेंबूड पुसत हिंडतात. एल्बर्टला दफ्तरात हवा होता एक एल्बर्ट टेरहोव्हन. सापडले इतके, की एकेकाची नोंद लिहिलेले पुठ्ठे जेवणाच्या टेबलावर मावेनात. लव्हीना इस्त्रीच्या फळीवर जेवण वाढू लागली.

"हा कोण?" तिने एकदा काट्याने एक पुठ्ठा टोचून विचारलं.

"एल्बर्ट."

"आणि हा?"

"त्याचा चुलतभाऊ. एल्बर्ट."

"आणि बटाट्यांवर पडलाय तो?"

"तो कदाचित मी आहे," एल्बर्ट खिन्नपणे म्हणाला.

मेमध्ये मात्र त्याला आपला माणूस सापडला. चर्चच्या आवारात, कोपऱ्यातल्या झुडपांखाली, जमिनीत अर्धा रुतलेला दगड: 'एल्बर्ट टेरहोव्हन, गेरिटच्या वंशातील.' वंशातील! दगडावर कोरलेलं! एल्बर्टने तो दगड स्वतः घासला, साबणाने धुतला, भोवती पिवळी फुलं लावली. लव्हीना फुलं बघून रडलीसुद्धा. त्याने गॅरेट डॉक्टरांना कळवलं, आणि डॉक्टरांनी, माणूस नियमाचा पक्का, कार्यकारिणीची सभा थेट त्या दगडापाशीच बोलावली.

इतिवृत्त (कुलसंघाच्या दफ्तरातून, जसंच्या तसं)

सभा प्रार्थनेने सुरू झाली. श्री. एल्बर्ट यांनी सदर दगड आपल्या खापरपणजोबांचा असल्याचे सांगितले व थोडे भाषण केले. थोडे आणखी केले. अध्यक्षांनी आभार मानले. पाहुणे म्हणून आलेले श्री. लाफेव्हर यांनी दगड कललेला असल्याकडे लक्ष वेधले. तो सरळ करावा असे ठरले. दोघांनी पहारीने दगड वर उचलला. मातीखालील ओळ दिसू लागली. अध्यक्षांच्या पत्नींनी ती मोठ्याने वाचली: 'वय वर्षे चार.' श्री. एल्बर्ट यांचे पुढील भाषण झाले नाही. फराळास तळलेले गोड गोळे होते. उरले नाहीत.

इथे एक पिढी गहाळ आहे

.

डहाळी, पुन्हा

मधल्या काळात एल्बर्ट घराबाहेर पडला नाही, एवढंच समजा. आमच्या लोकांत मूल दगावलं तर पुढच्या मुलाला तेच नाव देतात. तेव्हा एखाद्या एल्बर्टचा दगड लहान पोराचाही असू शकतो, हे त्याला कळायला हवं होतं. तोही त्याच मातीतला होता. चार वर्षांच्या पोराला खापरपणजोबा करून त्याच्यासमोर डोक्यावरची टोपी काढणं, ही चूक परका माणूस करूच शकला नसता. एझ्रा लाफेव्हर कुंपणावरून सहानुभूतीने बघायचा. सहानुभूती! एल्बर्टने त्या बाजूचे पडदे लावून घेतले.

शेवटी आत्यानेच निरोप धाडला. तो गेला तर ती स्वयंपाकघरात कोबी चिरत होती.

"तोंड लपवून बसलास म्हणे."

"आत्या, माझ्याच्याने नाही होणार."

"किती पुरुष तपासलेस?"

"सगळे."

"आणि बायका?"

"कुलसंघाच्या तक्त्यात बायकांना रकाना नाही."

आत्याने सुरी खाली ठेवली. "माझं नाव काय?"

"फेम्मी. म्हणजे, फेम्मेत्ये."

"मला कुणाचं मिळालं? बाबांच्या आईचं. तिला कुणाचं? अरे, इतकी वर्षं पोरांना त्रिकोण शिकवलेस. एका बाजूवर बसून तिसरी कशी सापडेल तुला?"

एल्बर्ट तसाच उठला. कोबीचा एक तुकडा त्याच्या कोटाला चिकटलेला होता, तो संध्याकाळपर्यंत तसाच राहिला.

आणि काय सांगायचं! जुन्या डच दफ्तरात बायका हरवतच नाहीत. लग्न झालं तरी बाई चर्चमध्ये माहेरच्याच नावाने उभी राहते, मुलाच्या बाप्तिस्म्याला त्याच नावाने लिहिली जाते, त्याच नावाने पुरली जाते. पुरुष एकमेकांत मिसळून गेलेले. बायका मात्र झाडून सगळ्या जिथल्या तिथे, जणू कुणी कधीतरी विचारायला येईल म्हणून थांबलेल्या. खापरपणजोबाने लेकीचं नाव फेम्मेत्ये ठेवलं, म्हणजे त्याच्या आईचं नाव फेम्मेत्ये असणार. तशा आईचा एल्बर्ट एकच निघाला. त्याला धरून आणखी वर, पुन्हा एक फेम्मेत्ये. आणि तिच्याही वर, सगळ्यांच्या आधी, ओढ्यापलीकडच्या शेतावरची एक फेम्मेत्ये.

लव्हीनाने टेबलावर खरं जेवण मांडलं. पण एल्बर्ट घास हातात धरून पांढराफटक बसला होता.

"आता काय?"

"लव्हीना, आमच्या शाखेत एकही गेरिट नाही. एकही नाही! थोरला कायम एल्बर्ट. आम्ही गेरिटचे असतो तर कुठेतरी एक तरी गेरिट जन्मला असता. नियमच आहे." त्याने घास खाली ठेवला. "म्हणजे आम्ही त्याचे नाहीच. मी सिद्ध केलं, आणि उलटंच सिद्ध केलं. आता आत्याला ते शेवटचं टेबलसुद्धा राहणार नाही."

लव्हीनाने ताट त्याच्यापुढे सरकवलं. मग म्हणाली, "जेव. आणि त्या शेतावर जाऊन ये. नुसत्या कागदावर रडू नये."

मूळ

ओढ्यापलीकडचं शेत रूसाचं. दुभत्या गाईंचं. फाटक कुठे आहे ते न शोधता एल्बर्टने काटेरी तार ओलांडायला सुरुवात केली, आणि पँट फाटली ती इथे. तो तारेवर एक पाय अलीकडे एक पाय पलीकडे असा अडकलेला असताना एक वळू शांतपणे त्याच्याकडे बघत उभा राहिला. त्या नजरेत, एल्बर्ट पुढे सांगायचा, कुलसंघाच्या कार्यकारिणीसारखंच काहीतरी होतं.

"हलू नका मास्तर!" शेतकरी धावत आला. "तो काही करत नाही. तार मात्र करते."

"आभारी आहे, मिस्टर रूसा."

"अहो, मी रूसा नाही!" शेतकरी तार वाकवत कळवळून म्हणाला. "कोवाल्स्की. रूसा माझे सासरे. त्यांच्या लेकीशी लग्न करून मी इथे आलो, शेत तिचं. आल्या दिवसापासून ओरडून सांगतोय, कोवाल्स्की, कोवाल्स्की! दुधाच्या गाडीवर रूसा, मतदार यादीत रूसा. आपले पाद्रीबाबा, डॉमिनी, चर्चमधून हाक मारतात तीसुद्धा रूसा. माझ्या पोराला शाळेत रूसा लावलंय. तुम्हीच लावलंत मास्तर, हजेरीत!"

एल्बर्टने खरंच लावलं होतं. पण माफी मागता मागता तो 'शेत तिचं' या दोन शब्दांवर अडकला.

"म्हाताऱ्या फेम्मेत्येचे दगड बघायला आलात ना?" कोवाल्स्की म्हणाला. "या. गाई पाठ खाजवतात त्यांच्यावर."

टेकाडावर, एका अक्रोडाखाली, चार दगड होते. शेतातून उचललेले, ओबडधोबड. त्या काळात फक्त आद्याक्षरं आणि साल कोरायचे. मधला दगड छातीएवढा उंच: एफ. टी. एच., म्हणजे फेम्मेत्ये टेर-होव्हन. तिच्या बाजूंना, गुडघ्याएवढे, तीन. पहिला, सर्वांत जुना: ई. एच. दुसरा: सी. पी. तिसरा: जी. जे., आणि खाली गेरिटच्या मृत्यूचं ते साल, जे दर ऑगस्टला वरच्या टेबलावरून भक्तिभावाने वाचलं जातं.

जी. जे. जी. टी. एच. नव्हे.

एल्बर्ट ओल्या गवतात बसला. फाटलेल्या पँटमधून गवत टोचत होतं तरी उठला नाही. गेरिट टेरहोव्हन नावाचा माणूस जहाजातून उतरलाच नव्हता. उतरला होता यानचा (डच लोक ते 'जे'ने लिहितात) मुलगा गेरिट, बिन आडनावाचा. टेरहोव्हन हे शेताचं नाव. शेत तिच्या बापाने जंगल तोडून उभं केलं, बापामागे ते तिला मिळालं. दफ्तरातली तिची तीन लग्नं आता दगडांशी जुळली: तिने एल्बर्टशी लग्न केलं, तो गेला. कॉर्नेलिसशी केलं, तोही गेला. मग गेरिटशी. तिघेही आळीपाळीने घरजावई होऊन तिच्या उंबऱ्याच्या आत आले, आणि तिघांनाही गावाने तिच्या शेताच्या नावाने हाक मारली; ते ओरडले असतील तर त्यांचंही कुणी ऐकलं नसेल. लांडगे, पूर, युद्ध, तीन मयती. आणि ती बाई दरवेळी ढेकळांत नांगर घालून उभी. दगडसुद्धा तिने आधीच सांगून ठेवला असावा: माझा मोठा. यांचे लहान.

एल्बर्टने टोपी काढली. यावेळी बरोबर माणसासमोर.

फांदी

त्याने सर्वांत आधी डॉमिनींना विचारलं. डॉमिनी म्हणाले, जुन्या देशात हे सर्रास चालायचं, जो शेतावर नांदायला येईल तो शेताचं नाव घेई. मग एल्बर्ट दातांच्या दवाखान्यात गेला. हे अध्यक्षांच्या पाठीमागे करणं त्याला पटेना. खुर्चीत बसून त्याने सगळं सांगून टाकलं: मूळपुरुष हा तिसरा नवरा, अधांतरी शाखा पहिल्याची, आणि नाव तिघांपैकी कुणाचंच नाही. त्या खुर्चीच्या इतिहासात प्रथमच तोंड उघडं पडलेला माणूस डॉक्टर होता.

"तीन नवरे," शेवटी गॅरेट म्हणाले.

"हो."

"आणि आमचा तिसरा."

"हो."

डॉक्टरांनी यंत्र बंद केलं, पांढरा डगला काढला. "मला दाखवा," ते म्हणाले. "चला." बाहेर दोन पेशंट बसले होते. ते बसूनच राहिले.

टेकाडावर काय झालं ते एल्बर्टने कुणाला सांगितलं नाही. गाईने गॅरेट डॉक्टरांची टोपी खाल्ली, एवढं मात्र कोवाल्स्कीने गावभर केलं.

सावली

ऑगस्ट. तंबू. पांढरी चादर. फलक मात्र कोरा. रंग द्यायला वेळ मिळाला नव्हता, आणि त्यावर काय लिहावं यावर कार्यकारिणीत तीन वेळा भांडण झालं होतं.

एझ्रा लाफेव्हर निमंत्रण नसताना आला होता. त्याला हे बघायचंच होतं.

वॉफल वाढून झाल्यावर गॅरेट डॉक्टर उठले. उभ्या तंबूला त्यांनी सगळं सांगितलं. न अडखळता, काही न लपवता. मग ते अख्खा तंबू चालत खाली आले, शौचालयांशेजारच्या डुगडुगत्या टेबलापर्यंत, आणि फेम्मी आत्यापुढे त्यांनी हात केला.

"आत्याबाई, वर चला. टेबल तुमचं आहे."

आत्या त्यांच्या हाताला धरून चालू लागली. सावकाश. दोन्ही बाजूंचे टेरहोव्हन, एल्बर्टवाले, गॅरेटवाले, कॉर्नेलिसवाले, उठून उभे राहिले. तेच नाक, रांगेने. वरच्या टेबलाशी पोचल्यावर लक्षात आलं, की खुर्च्या सगळ्या भरलेल्या आहेत. हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. डॉक्टर क्षणभर गोंधळले. मग त्यांनी आपलं वाढलेलं ताट दोन्ही हातांनी उचललं.

"इथे बसा. मी जातो खाली."

एल्बर्टने आत्याकडे पाहिलं. चौऱ्याऐंशी वर्षं ती ज्याची वाट बघत होती ते समोर उभं होतं: वरच्या टेबलावरचा गॅरेट टेरहोव्हन, हातात ताट.

"खाली ठेव ते," आत्या म्हणाली.

"पण..."

"ठेव म्हणते ना. वाढलेल्या ताटावरून कुणी कुणाला उठवायचं नाही. माझ्या टेबलावर तर नाहीच नाही." मग मागे वळून, अख्ख्या तंबूला ऐकू जाईल अशा आवाजात, "एल्ब्या! नुसता बघतोस काय? खुर्ची आण की!"

एल्बर्टने अधांतरी शाखेच्या टेबलावरची आपली खुर्ची उचलली, डोक्यावर घेतली, आणि तंबूच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत चालत आणली. चादर थोडी ओढली गेली, दोन पेले पडले, सगळे सरकले. आत्या बसली.

"वॉफल थंड आहे," ती म्हणाली. "गरम आणा."

खाली परत आल्यावर आत्याच्या रिकाम्या खुर्चीत कुणाची तरी पोरं चढून बसली होती, एल्बर्टला बसायला जागा उरली नव्हती. एझ्रा लाफेव्हर शेजारी येऊन उभा राहिला. बराच वेळ त्याने वर पाहिलं, जिथे आत्या डॉक्टरांना कोट सरळ करायला सांगत होती.

"आमच्या चौकटीत," एझ्रा हळूच म्हणाला, "बायकांना रकाना नाही रे."

"मंगळवारी चर्चमध्ये ये," एल्बर्ट म्हणाला. "किल्लीवाल्या बाईंना संधिवात असतो, पण मी बोलतो त्यांच्याशी."

आणि शौचालयांच्या वाऱ्यात, हातात ताट घेऊन, त्याने उभ्याउभ्याच जेवायला सुरुवात केली. अशा चवीचं वॉफल त्याने आयुष्यात खाल्लं नव्हतं.